सम्राटाच्या गालावरचे वण

लोक विचारतात, "अबूधाबीत तुम्ही नेमकं करता काय?" मी सांगते, "डोकी." मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण खरं तेच आहे. मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये एकवीस वर्षं मी माणसांची डोकी करत आले. एखाद्या प्रदर्शनात गेलात की काचेमागे मोती काढणारा पाणबुड्या दिसतो, जात्यावर बसलेली आजी दिसते, उंटाला पाणी पाजणारा म्हातारा दिसतो. त्यांतला एखादा तुम्हाला ओळखीचा वाटला तर तो बहुधा माझा असतो, कारण नाक कसं द्यावं हे सुचलं नाही की मी सरळ माहेरच्या माणसांची नाकं वापरते. पुण्यातले माझे एक काका तीन वेगवेगळ्या अमिरातींत उंट हाकत उभे आहेत. त्यांना मी ते अजून सांगितलेलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका मॉलला हसरा उंट हवा होता. मी म्हटलं, उंट हसत नाही, त्याचा ओठच तसा असतो. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, इन अवर मॉल, एव्हरीबडी स्माइल्स." हसवला उंट. दुसऱ्या एका गृहस्थांना आजोबांचा पुतळा हवा होता आणि आजोबांचा एकही फोटो नव्हता. ते रोज संध्याकाळी येऊन समोर बसायचे आणि "नाक आणखी रागीट" म्हणायचे. दोन महिन्यांनी एक दिवस ते मातीच्या डोक्याकडे बघत नुसतेच उभे राहिले, डोळे पुसले आणि "खलास" म्हणून निघून गेले. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्यानंतरची पहिली पाच वर्षं मी घरात बसून शेजारणींसाठी केक केले होते. असे दिवस आले की त्या पाच वर्षांची मला फार हळहळ वाटते.

पण आज सांगायचंय ते एका सम्राटाबद्दल आणि त्याला घडवणाऱ्या दत्ताभाऊंबद्दल. त्यात माझी एक चूक आहे. तोंडी मी ती बऱ्याचदा कबूल केली, लेखी आज पहिल्यांदाच करते आहे.

ती कळायला आमचा धंदा थोडा कळायला हवा. आधी मी मातीत डोकं घडवते. त्यावर प्लॅस्टर ओतून साचा काढतात. साच्याच्या आत फायबरचे थर देतात, ते वाळले की प्लॅस्टर फोडून टाकतात. आत डोकं उरतं. माती गेलेली असते, साचाही गेलेला असतो, म्हणजे त्या डोक्याची दुसरी प्रत जगात नाही. हे ताजं डोकं भयंकर दिसतं. जिथे हवा अडकली तिथे बारीक भोकं, साच्याच्या सांध्यावर कड, सगळीकडे खरखर. मग ते फिनिशरकडे जातं. फिनिशर भोकांत पुट्टी भरतो, पॉलिश पेपरनं घासतो, पुन्हा भरतो, पुन्हा घासतो. रंगारी आणि केस लावणारा त्याच्यानंतर.

आमचे फिनिशर दत्ताभाऊ. पेणजवळच्या एका गावचे, लहानपणापासून गणपतीच्या कारखान्यात वाढलेले, इथे बावीस वर्षं. वय अठ्ठावन्न. त्यांची एक परीक्षा होती. घासून झालं की कापसाचा पुंजका चेहऱ्यावरून फिरवायचा. कुठे एक जरी तंतू अडकला तरी ते डोकं पुन्हा मांडीवर घ्यायचे. दुबईपासून फुजैरापर्यंत लोक आमच्या पुतळ्यांच्या गालांची तारीफ करतात, ते गाल दत्ताभाऊंचे. आणि त्यांच्या स्वतःच्या गालांवर, कपाळावर, नाकावर देवीचे वण होते. दाट. आज ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना देवी म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांनी आपल्या आईच्या दंडावरचा टोचल्याचा डाग आठवावा. तो रोग जगातून गेला, पण जाता जाता दत्ताभाऊंना भेटून गेला.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक मोठं काम आलं. प्रदर्शनाचा विषय होता कांग्शी नावाच्या मांचू सम्राटाचं आयुष्य आणि त्याची राजवट. आणलं होतं लिन मॅडमनी. बाई बेजिंगच्या, इतिहासाच्या अभ्यासक, अंगानं किडकिडीत, आणि आवाज कधी चढवायच्या नाहीत म्हणून आमचा मॅनेजर फादी त्यांना फार घाबरायचा. त्यांनी पहिल्याच बैठकीत मला समजावलं की मांचू म्हणजे चिनी नव्हेत. उत्तरेकडचे, चीनच्या भिंतीपलीकडचे घोडेस्वार. मूठभर लोकांनी अवाढव्य चीन घेतला, आणि चिनी पुरुषांना कपाळावरचे केस भादरून मागे वेणी घालायला लावली. त्या घराण्यातला हा कांग्शी सातव्या वर्षी गादीवर बसला आणि एकसष्ट वर्षं राज्य करून गेला. आम्हाला चार वयांतला तोच माणूस करायचा होता. सात वर्षांचा पोर, विशीतला तरुण, चाळिशीतला राजा आणि साठी ओलांडलेला म्हातारा.

"अँड द मार्क्स," लिन मॅडम म्हणाल्या. "ऑन द फेस. मस्ट."

कांग्शीला लहानपणी देवी आल्या होत्या. दरबारी चित्रकारांनी त्याचा चेहरा सोलल्या अंड्यासारखा गुळगुळीत काढला आहे, पण त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या परक्या माणसांनी वणांचा उल्लेख करून ठेवला आहे. मॅडमना तो खरा चेहरा हवा होता.

मी कामाला लागले. तीन आठवडे नुसते फोटो शोधले. इंटरनेटवर देवीचे फोटो आहेत ते आजारात असलेल्या माणसांचे, बघवत नाहीत. पुढे बऱ्या झालेल्या, म्हाताऱ्या झालेल्या चेहऱ्यांचे फारसे नाहीत. ओळखीच्या एका डॉक्टरला विचारलं, त्यानं तो रोग पुस्तकातच पाहिलेला. शेवटी अंदाजानं, मातीत गोल टोकाच्या काडीनं, मी खळगे पाडले. लिन मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "लाइक ऑरेंज." संत्र्याच्या सालीसारखं. दुसऱ्यांदा केले. या वेळी नाइलाजानं मान हलवली त्यांनी. मला ती मान कळली होती, पण तारीख जवळ आली होती.

आता ती चूक. हे तीन आठवडे दत्ताभाऊ दिवसातून दोनदा माझ्या टेबलाशी यायचे, काही विचारायला, कधी चहा ठेवायला. ते आले की मी लॅपटॉप मिटायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. आमच्याकडे हेच शिकवलंय, कुणाच्या व्यंगाकडे बघायचं नाही. आठ फुटांवर देवीतून वाचलेला अठ्ठावन्न वर्षांचा जिवंत चेहरा बसलेला होता आणि मी सभ्यपणानं पडद्यावर शोधत होते. त्यांना मी काम कशाचं आहे तेही धड सांगितलं नाही. "चीनचा राजा आहे," एवढंच म्हटलं.

डोकी फायबरमध्ये आली तेव्हा मी दोन दिवस प्रदर्शनाच्या हॉलमध्ये होते, चौथऱ्यांची मापं घेत. गुरुवारी सकाळी वर्कशॉपला आले तर माझ्या टेबलावर कांग्शी चार वयांत ओळीनं मांडलेला. चारी चेहरे गुळगुळीत. एकही वण नाही. शेजारी कापसाचा पुंजका.

माझ्यामागोमाग फादी आला. तो लेबनॉनचा, मनानं वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात सदानकदा तारखा. मंगळवारी सकाळी लिन मॅडम शेवटचं बघायला येणार होत्या. त्यानं एका डोक्यावरून बोट फिरवलं आणि "दत्ता!" म्हणून असा ओरडला की वेल्डिंगवाले बाहेरून आत आले.

दत्ताभाऊ आले. टोपी हातात.

"व्हॉट इज धिस? किसने भरा?"

"मैने भरा, सर. बबल था."

"बबल? बीस साल से काम करता है, बबल नहीं मालूम? तुम्हारा व्हिसा का फाइल मेरे टेबल पे है. मैं साइन नहीं करता. खलास. फिनिश."

फिनिशरला फिनिश म्हटलेलं कुणालाच हसू आलं नाही. या वयात फाइल एकदा अडली की ती दुसरीकडे हलत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दत्ताभाऊंना अजून एक वर्ष हवं होतं. धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, ती बाहेर पडली की ते स्वतःहून जाणार होते. कामगारांच्या सगळ्या कॅम्पला हे ठाऊक होतं. बावीस वर्षांनी माणूस घरी जातो तो पेढे वाटून जावा, हाकलल्यासारखा जाऊ नये. दत्ताभाऊ मान खाली घालून मागे निघून गेले.

मी म्हटलं, "फादी, चूक माझी आहे. मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मंगळवारपर्यंत मला वेळ दे, आणि दत्ताभाऊ दे."

"मॅडम, मोल्ड इज ब्रोकन."

"माहीत आहे. फायबरमध्येच कोरू."

"फोर हेड्स?"

"चारी."

तो म्हणाला, "ट्यूसडे. शी इज हॅपी, आय साइन. शी इज नॉट हॅपी, ही गोज. अँड यू विल टेल हिम, नॉट मी."

मागच्या बाजूला दत्ताभाऊंचं बाकडं आहे. मी दोन चहा घेऊन तिथे गेले. एकवीस वर्षांत चहा नेहमी उलट्या दिशेनं यायचा.

"दत्ताभाऊ, खरं सांगा. ती भोकं वाटली तुम्हाला?"

"नाय," ते म्हणाले. "भोक आणि वण मला कळतो, ताई. मला नाय कळणार तर कुणाला."

"मग का भरले?"

"तुम्ही लॅपटॉप मिटायच्यात मी आलो की. मी एकदा पाहिलं त्याच्यात काय हाय ते. मला वाटलं, गिऱ्हाइकाच्या हट्टापायी ताईंना हे घाण काम करावं लागतंय. त्यांनाही बघवत नाय. म्हटलं, राजा माणूस, त्याला कशाला हे तोंड? भरून टाकतो. कुणी विचारलं तर बबल म्हणेन."

ते चहाच्या कपाकडे बघत पुढे सांगू लागले, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. सहा वर्षांचे असताना देवी आल्या. घरातली धाकटी बहीण त्यातच गेली. बारा वर्षांचे झाल्यावर गणपतीच्या कारखान्यात लागले, हात चांगला होता, आखणी शिकायची होती, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम. पण आखणी करणारा पुढे बसतो, गिऱ्हाइकांच्या समोर. मालक म्हणाले, तू मागे बस आणि घास. गिऱ्हाईक बिचकतं. "तवापासून घासतोय," दत्ताभाऊ म्हणाले.

एकवीस वर्षं ज्या माणसाबरोबर काम केलं त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं, याची मला लाज वाटली. अजून वाटते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, चहा थंड होतोय."

मग मी त्यांना सांगितलं, जे तीन महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. मांचू लोक देवीला फार भ्यायचे. उत्तरेच्या थंड मुलखात त्यांना तो रोग ठाऊक नव्हता, चीनमध्ये आल्यावर त्यानं त्यांना पटापट गाठलं. या पोराला लहानपणी राजवाड्याबाहेर ठेवलं होतं, रोगापासून लांब, तरी देवी आल्याच. तो वाचला. पुढे त्याचा बाप, म्हणजे सम्राट, पंचविशीच्या आतच देवीनं गेला. मरणाच्या दारात प्रश्न पडला की गादीवर कुणाला बसवायचं? मोठा भाऊ होता. पण या धाकट्याला एकदा देवी येऊन गेल्या होत्या, आता पुन्हा येणार नव्हत्या. हा जगणार. म्हणून ह्याला बसवला.

दत्ताभाऊंनी कप खाली ठेवला. "म्हणजे वण होते म्हणून राजा?"

"ते एक मोठं कारण."

"आणि ते चित्रात कुणी पुसले?"

"चित्रकारांनी."

"आमच्यासारख्यांनीच," ते म्हणाले आणि उठले. "ताई, तुमचे खळगे तसेही चुकलेच होते. सगळे एका मापाचे. असे नसतात. बघा." आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा दत्ताभाऊंनी उजेडाकडे तोंड करून मला त्यांचा चेहरा बघायला सांगितला.

मी बघितला. नाकाच्या शेंड्यावर आणि गालांच्या वरच्या भागात दाट, हनुवटीकडे विरळ. काही एकमेकांत मिसळलेले. कडा काही तीक्ष्ण, काही विरघळलेल्या. मी वहीत काढत गेले, आणि ते हातानं चाचपून सांगत गेले, "इथला खोल. हा लांबट. हा कानाजवळ एकटाच." पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला कुठल्याच फोटोतून कळली नसती. वण वयाबरोबर बदलतात. लहानपणी ते आवळलेले आणि खोल असतात, चेहरा वाढतो तसे ताणले जातात, आणि म्हातारपणी सुरकुत्यांत शिरून लांब होतात. मी चारी वयांत एकच नक्षी उठवली होती. दुसऱ्या दिवशी ते रबरबँड लावलेले आपले तीन जुने पासपोर्ट घेऊन आले. ते फोटोच्या पानावर उघडून टेबलावर ओळीनं ठेवले, आणि आम्ही सुरुवात केली.

शुक्रवार ते सोमवार. शनिवार-रविवारची सुट्टी आम्ही दोघांनीच घेतली नाही. दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं बारीक ड्रिल त्यांच्या उजव्या हातात, आणि डाव्या हाताची बोटं स्वतःच्या गालावर. आरशाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पोराचं डोकं सर्वांत अवघड गेलं. त्यालाच दीड दिवस लागला, कारण दत्ताभाऊ मध्येच थांबायचे. एकदा म्हणाले, "एवढ्या लहान पोराच्या तोंडावर मशीन चालवायला जड जातं."

काम करताना मी त्यांना राजाची कहाणी सांगायचे. सांगायला हवीच होती, तीच मी त्यांचं देणं लागत होते. सुरुवातीला चार सरदार कारभार बघायचे आणि त्यांतला एक इतका माजला की दरबारात पोरावर ओरडायचा. पंधराव्या वर्षी पोरानं त्याला पकडून तुरुंगात टाकला. असं सांगतात की त्यासाठी त्यानं आपल्याच वयाची मुलं जमवली होती, कुस्ती खेळायला म्हणून. सरदार आला आणि मुलांनी त्याला धरला. दत्ताभाऊ ड्रिल बंद करून मोठ्यांदा हसले. "म्हणजे तालीम काढली त्यानं!"

विशीतलं डोकं हातात घेतलं तेव्हा मी त्या युद्धाबद्दल सांगितलं. दक्षिणेत तीन सेनापती जवळजवळ राजेच झाले होते. ह्या तरुणानं त्यांची जहागिरी काढायचं ठरवलं, ते उलटले, आणि आठ वर्षं लढाई चालली. माणसं किती मेली त्याचा हिशेब नाही. दरबारी म्हणाले, ज्यांनी हा सल्ला दिला त्यांची मुंडकी उडवा. हा म्हणाला, निर्णय माझा होता, त्यांच्यावर घालायचा नाही.

दत्ताभाऊ मान खाली घालून कोरत होते. "मोठा होता," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "तुम्ही फादीला काय बोललात ते ऐकलं मी परवा."

चाळिशीतला कांग्शी मला स्वतःला सर्वांत आवडतो. दिवसा राज्य करायचा आणि परदेशी पाद्र्यांना समोर बसवून भूमिती शिकायचा, विद्यार्थ्यासारखी उदाहरणं सोडवायचा. आणि देवीची टोचणीही त्यानंच आपल्या घराण्यात आणि सैन्यात सुरू केली. चिनी वैद्यांना ती जुनी रीत येत होती, सौम्य देवी मुद्दाम आणायच्या, म्हणजे पुढे मोठ्या येत नाहीत. म्हातारे लोक कुरकुरले. यानं आधी स्वतःच्या मुलांना टोचून घेतलं.

हे ऐकून दत्ताभाऊंनी ड्रिल बंद केलं. म्हणाले, "आमच्या गावात टोचणारे आले होते, आमच्या आजीनं मला आणि बहिणीला भाताच्या कणगीमागं लपवलं होतं." आणि त्यांनी ड्रिल पुन्हा सुरू केलं.

म्हाताऱ्याचं डोकं सोमवारी दुपारी राहिलं होतं. पस्तीसच्या आसपास मुलगे, त्यांची गादीसाठी भांडणं, युवराजाला दोनदा नेमून दोनदा काढलं. शेवटी उजवा हात चालेना. पण गुप्त पत्रांवरचे लाल शाईतले शेरे त्यानं दुसऱ्या कुणाला लिहू दिले नाहीत, डाव्या हातानं लिहिले.

"वाकडं आलं असेल अक्षर," दत्ताभाऊ म्हणाले.

"येणारच."

"पण त्याचंच." त्यांचं मनगट तोवर सुजलं होतं. मी म्हटलं, उरलेला कानाकडचा भाग मी करते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी वही उचलून बाजूला झाले. चार वाजता त्यांनी सवयीनं कापसाचा पुंजका घेतला, म्हाताऱ्याच्या गालावरून फिरवला. कापूस जागोजाग अडकला. ते तंतू त्यांनी फुंकर मारून उडवले.

मंगळवारी लिन मॅडम आल्या. गिऱ्हाईक आलं की कामगारांना मागच्या आवारात पाठवायचं, ही फादीची पद्धत, आणि त्यानं ती त्या दिवशीही पाळली. मॅडमनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि एकेका चेहऱ्यावर बाजूनं प्रकाश टाकत, वाकून बघत राहिल्या. फादीचं दोनदा घड्याळ बघून झालं. मी माझे हात पाठीमागे धरून ठेवले होते.

म्हाताऱ्याशी त्या सर्वांत जास्त थांबल्या. "बिफोर, यू कॉपीड अ डिसीज," त्या मला म्हणाल्या. "नाऊ, इट इज अ पर्सन. हू डिड धिस?"

"अवर टीम," फादी पटकन म्हणाला.

"एका माणसानं केलंय," मी म्हटलं, इंग्रजीत, पण याच ठामपणानं. "ही इज आउटसाइड." आणि फादीकडे न बघता मागचं दार उघडून मी हाक मारली, "दत्ताभाऊ, आत या!"

ते आले. भुवयांवर फायबरची पांढरी धूळ. नेहमीसारखे भिंतीकडेनं यायला लागले. मी म्हटलं, "इकडे, समोर." ते समोर आले. लिन मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. चोरून नाही, पटकन नजर काढून घेऊन नाही. बॅटरी त्यांनी बंद केली होती. एकदा म्हाताऱ्या राजाकडे, पुन्हा दत्ताभाऊंकडे.

"हाऊ ओल्ड वर यू?"

त्यांना कळलं. "छे साल, मॅडम."

मी भाषांतर केलं. मॅडम म्हणाल्या, "ही वॉज अ चाइल्ड टू."

"उसको राज मिला," दत्ताभाऊ म्हणाले. "हमको पॉलिश पेपर मिला."

हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा फादी हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी दत्ताभाऊंपुढे मान लववली. दत्ताभाऊ गोंधळले. आणि गोंधळलेला कारागीर करतो तेच त्यांनी केलं, कामाकडे वळले. चाळिशीतल्या राजाच्या नाकाच्या डाव्या बाजूला बोट लावून म्हणाले, "मॅडम, ये एक ज्यादा गोल है. पाँच मिनट." ड्रिल सुरू केलं, आणि एका सरकारी प्रदर्शनाच्या प्रमुख बाई, आमचा मॅनेजर आणि मी, तिघंही गुपचूप उभे राहून त्यांचं होईपर्यंत वाट बघत राहिलो.

फादीनं त्या दिवशी व्हिसाचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधला पोरगा दत्ताभाऊंना सांगून गेला, "व्हिसा का मेडिकल करके आओ." म्हणजे सही झाली होती. आणखी एक फरक पडला. गिऱ्हाईक आलं की दत्ताभाऊ आता मागच्या आवारात जात नाहीत. कुणी तसा हुकूम काढला नाही, ते नुसते जात नाहीत.

प्रदर्शन सुरू झालं त्याच्या दुसऱ्या रविवारी ते कॅम्पातल्या पाच जणांना घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट. मी आधीच तिथे होते. पाट्या इंग्रजी आणि अरबीत, त्या वाचायच्या फंदात न पडता दत्ताभाऊच सांगत होते. सरदाराला धरणाऱ्या पोरांची गोष्ट त्यांनी माझ्यापेक्षा रंगवली. तालीम, लंगोट, सगळं आलं त्यात.

शेजारी एक मराठी कुटुंब उभं होतं, शारजाहून आलेलं असावं. सात-आठ वर्षांची मुलगी म्हाताऱ्या सम्राटासमोर थांबून मोठ्यानं म्हणाली, "आई, व्हाय इज हिज फेस लाइक दॅट?"

"श्श! असं विचारत नाहीत," आई म्हणाली आणि तिची नजर दत्ताभाऊंवर गेली, आणि ती लालबुंद झाली. मी त्या बाईला ओळखत नव्हते, पण तो आवाज मी पुरता ओळखला.

दत्ताभाऊ गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "विचारू द्या, वहिनी. बाळा, याला लहानपणी देवी आल्या होत्या. मोठा आजार. तो त्यातून वाचला. म्हणून राजा झाला."

मुलीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "लाइक यू?"

"हां. लाइक मी. मी फक्त वाचलो."

ती माणसं पुढे गेल्यावर दत्ताभाऊंनी खिशातून फोन काढला. वर्कशॉपमधले सगळे ग्रुप फोटो त्यांनीच काढलेले आहेत, कारण काढणारा फोटोत येत नाही. तो फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि स्वतः काचेजवळ जाऊन राजाच्या शेजारी उभे राहिले, टोपी काढून, उजेडाकडे तोंड करून. मी सवयीनं मागे सरकले, पायापासून डोक्यापर्यंत दोघं मावावेत म्हणून.

"ताई, लांबून नको," ते म्हणाले. "जवळ या. घरी पाठवायचाय. तोंड नीट दिसू दे."